क्रूझवर केबिन अपग्रेड करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुकिंग झालं की दोन-चार दिवसांत एजंटचा फोन येतो: ‘सर, फक्त एवढेच जास्त भरा, बाल्कनी करून देतो.’ परदेशी कंपनीचं बुकिंग असेल तर फोनऐवजी मेल येतो आणि त्यात पांढऱ्या खुर्च्या, निळं पाणी, फळांची बशी असा फोटो असतो. त्या ‘फक्त’चं काय करायचं हे नातेवाईक आणि सोसायटीतली मंडळी आलटून-पालटून विचारत असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. भाडी सतत बदलतात. खाली एका ठिकाणी रक्कम आली आहे, ती हिशोब समजावा म्हणून धरलेली आहे, कुणाचा दर नव्हे.

एका वाक्यात सांगा, घ्यावी की नको?

जहाज दिवसाउजेडी चालत असेल, बाहेर बघण्यासारखं असेल आणि तुम्ही केबिनमध्ये निवांत बसणारी माणसं असाल, तर घ्या. यातलं एक गळलं तर हिशोब करा. दोन गळली तर पैसे खिशातच राहू द्या.

आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सुइट यांत खरा फरक काय?

आतल्या केबिनला खिडकी नसते. खिडकीच्या केबिनला काच असते, पण ती उघडत नाही. हे आवर्जून सांगतो, कारण ‘हवा येईल’ या आशेवर खिडकी घेणारे बरेच भेटतात. हवा दोन्हीकडे एसीचीच. अगदी खालच्या मजल्यांवर मोठ्या काचेऐवजी गोल झरोका असतो, आणि समुद्र खवळला तर काही जहाजांवर तो लोखंडी झाकणाने बंदही करतात. बाल्कनीच्या केबिनला सरकतं दार आणि बाहेर दोन खुर्च्यांपुरती जागा असते. सुइटमध्ये बसायची वेगळी जागा असते, बाथरूम मोठं असतं आणि सोबत काही मानपान मिळतात. त्यांच्याबद्दल पुढे.

एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. आतल्या आणि खिडकीच्या केबिनच्या आकारात बहुतेक जहाजांवर फारसा फरक नसतो. पलंग तोच, कपाट तेच, बाथरूमही तेच. तुम्ही पैसे भरता ते काचेचे.

मुंबईहून गोव्याला दोन-तीन रात्रींसाठी जातोय. बाल्कनी घ्यावी का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरतं आहे. हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सॅं-नाझेर इथे बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि ते रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीकडे होतं. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच ते आखलेलं होतं. त्यामुळे केबिन लहान आहेत, साध्या केबिन शे-सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास. लोक बाहेरच वावरणार, खोलीत फक्त झोपायला येणार असा तो हिशोब होता. शिवाय त्या काळी खासगी बाल्कनी ही चैन समजली जायची. आजच्या मोठ्या जहाजांवर बाजूने नजर टाकली तर बाल्कन्यांच्या रांगाच रांगा दिसतात, तसं इथे नाही. बाल्कनी आहे ती मोजक्या सुइटना. म्हणजे इथे ‘बाल्कनी हवी’ म्हटलं की थेट सुइटच्या दरात उडी मारावी लागते, आणि मोजकी वस्तू असल्यामुळे दरही तसेच.

आता त्या बाल्कनीतून दिसणार काय? बॅलार्ड पिअरहून निघताना मुंबईचं बंदर, आणि ते खरंच बघण्यासारखं आहे. पण त्या वेळी सगळं जहाज वरच्या डेकवर जमलेलं असतं, गाणी लागलेली असतात, आणि तुम्हीही तिथेच असणार. पुढे अंधार. जहाज किनाऱ्यापासून बरंच आत असतं. जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग असे एकामागून एक किल्ले दिसत जातील अशी कुणाची समजूत असेल तर ती आधीच काढून टाका. रात्री दिसतात ते मच्छीमार बोटींचे दिवे. लांबवर एखादा ठिपका, मग आणखी दोन, मग नुसता काळोख.

गोव्याला जहाज लागतं ते मुरगावला. मुरगाव हे कोळसा आणि लोहखनिज हाताळणारं बंदर आहे, त्यामुळे धक्क्याला लागल्यावर बाल्कनीतून नारळाची झाडं नव्हे, क्रेन दिसण्याची शक्यता जास्त. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर. उतरणारे सकाळीच उतरून जातात.

माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या छोट्या फेरीत बाल्कनीसाठी मोठी उडी मारू नये. हेच जहाज लक्षद्वीपला जातं तेव्हा मात्र जाता-येता बराच वेळ भर समुद्रात जातो, दिवसा. तिथे गणित बदलतं, आणि परवडत असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही.

मग निदान खिडकी? आणि कुठल्या बाजूची?

खिडकी घ्या, जर फरक एका चांगल्या जेवणाच्या बिलाएवढा असेल. बाजूचा विचार मात्र जरूर करा, कारण तो फुकट आहे आणि बहुतेक जण करत नाहीत.

मुंबईहून जहाज दक्षिणेकडे निघतं. म्हणजे पुढे तोंड करून उभे राहिलात तर उजवा हात पश्चिमेला. बंदरातून बाहेर पडताना गेटवे, ताज आणि कुलाबा उजवीकडे येतात, डावीकडे उरण-करंजाची बाजू. संध्याकाळी निघणाऱ्या फेरीत सूर्यही उजवीकडेच, आधी शहराच्या मागे आणि मग समुद्रात मावळतो. परतीच्या वाटेवर सगळं उलटं: सूर्यास्त डाव्या खिडकीत, किनारा आणि सूर्योदय उजव्या. डेक प्लॅनवर (जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर) उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ आणि डाव्या बाजूला ‘पोर्ट’ लिहिलेलं असतं. सकाळी उशिरापर्यंत झोपायची सवय असेल तर परतीला उजव्या खिडकीत ऊन थेट डोळ्यावर येईल. पडदा नीट ओढून घ्यायचा.

आतल्या केबिनमध्ये गुदमरल्यासारखं होतं का?

बहुतेकांना नाही. खोली छोटी असते, पण हवा खेळती असते. विचित्र वाटतो तो अंधार. दिवा बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि जाग आली की पहाटेचे चार आहेत की सकाळचे नऊ, काही कळत नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसं याला जास्त बिचकतात. यावर एक साधी युक्ती आहे. पुष्कळ जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनेलवर समोरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दाखवतात. आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवायचं. रात्री खोलीत मंद उजेड राहतो आणि पहाटे पडदा उजळत जातो तेव्हा दिवस उगवल्याचं समजतं. काहीच नसेल तर प्लगमध्ये खोचायचा छोटा नाइट लॅम्प न्या. एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, बॅग तपासताना तो बहुधा काढून घेतात. इस्त्रीचंही तेच.

लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या मशिनमध्ये ज्यांना खरोखर घाबरायला होतं, त्यांनी मात्र काटकसर करू नये. सरळ खिडकी घ्यावी.

फरकाचा हिशोब नेमका कसा मांडायचा?

पहिलं, सांगितलेला आकडा माणशी आहे की केबिनमागे ते विचारा. क्रूझचे दर बहुधा माणशी असतात. ‘फक्त नऊ हजार’ म्हणजे दोघांचे अठरा हजार, वर कर. तो कर त्या आकड्यात धरलाय का, हा दुसरा प्रश्न.

मग कागद घेऊन बसा आणि प्रत्येक दिवसाचे ते तास मोजा ज्यात जहाज चालतंय, बाहेर उजेड आहे आणि तुम्ही खोलीत जागे आहात. तिन्ही एकाच वेळी. नाश्ता, आंघोळी, शो, पोहणं, मुलांचे खेळ, दुपारची झोप हे सगळं वजा करा. दोन रात्रींच्या फेरीत हे तास तीन-चारच्या वर क्वचितच जातात. अठरा हजार भागिले चार, तासाला साडेचार हजार. नुसतं बघण्याचे. सात रात्रींच्या सफरीत दोन-तीन दिवस पूर्ण समुद्रात असतील तर तेच तास वीस-पंचवीस होतात आणि तोच अठरा हजारांचा फरक तासाला सात-नऊशेवर येतो. आकडा बघितला की मन आपोआप ठरतं.

सुइटमध्ये गेलात तर रोजची टिपही वाढू शकते. अमेरिकी कंपन्या माणशी-दररोज ठरावीक ‘ग्रॅच्युइटी’ खात्यात लावतात आणि सुइटला तिचा दर चढा असतो. परदेशी सफरीचं पॅकेज भारतातून घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकरही कापला जातो, आणि अपग्रेडने पॅकेजची किंमत वाढली की तोही वाढतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकून राहतात. मुंबई-गोव्याला तो प्रश्न नाही.

आई-बाबा आणि दोन मुलं बरोबर आहेत. एक मोठी बाल्कनी केबिन की दोन आतल्या?

दोन आतल्या. शंकाच नको.

चौघांची म्हणून जी केबिन देतात तिच्यात खाली दोन पलंग आणि वर छतातून किंवा भिंतीतून उघडणारे दोन बर्थ असतात. बर्थला शिडी लागते. रात्री ती शिडी आणि वरचे पाय यांच्यामधून आजोबांना अंधारात बाथरूमला जायचं असतं. दिवसा बर्थ वर दुमडले नाहीत तर खालच्या पलंगावर ताठ बसता येत नाही. बॅगा पलंगाखाली सरकवायच्या, त्याही पातळ असतील तर. आणि संध्याकाळी जेवणाची वेळ झाली की चौघं-सहा जण एका बाथरूमच्या दारात उभे. जिथे शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो असं ते बाथरूम. दोन केबिन म्हणजे दोन बाथरूम, आणि क्रूझवर याच्याइतकं मोठं सुख दुसरं नाही.

तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बऱ्याचदा कमी असतं, त्यामुळे एकच केबिन स्वस्त दिसते हे खरं. तरी दोन आतल्या केबिनचा एकूण आकडा एकदा मागवून तर बघा. मोठ्या जहाजांवर आणखी एक चांगला पर्याय असतो: आजी-आजोबांना बाल्कनी, आणि बरोबर समोर, कॉरिडॉरच्या पलीकडे, उरलेल्यांना आतली. बाल्कनी सगळ्यांची, तिचे जादा पैसे एकाच केबिनचे. प्रत्येक केबिनमध्ये कागदोपत्री एक मोठं माणूस असावं असा नियम पुष्कळ कंपन्यांचा असतो, तो बुकिंगच्या वेळीच सांभाळा.

आईला बोट लागते. महागडी केबिन घेतली तर त्रास कमी होईल?

उलट वाढू शकतो. जहाज हलतं ते बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखं: टोकं सर्वांत जास्त, मध्य सर्वांत कमी. शिवाय जितकं वर तितकं डोलणं जास्त. मानाच्या केबिन बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, कधी अगदी पुढे किंवा मागे. म्हणजे सगळ्यांत जास्त पैसे भरून सगळ्यांत जास्त हलणारी जागा मिळाली असंही होतं.

आईसाठी मागा ती खालच्या मजल्यावरची, मध्यावरची केबिन, शक्यतो खिडकी असलेली, कारण क्षितिज दिसलं की डोकं जागेवर राहतं. ही बहुतेकदा स्वस्तच असते. बाकी अव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आलेपाकाच्या वड्या पर्समध्ये असू द्याव्यात. हिवाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. पावसाळ्यात मुंबईच्या बाजूचं पाणी क्रूझच्या कामाचं नसतं. ‘एम्प्रेस’ने मागे पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या, त्यामागे हेच कारण आहे.

‘अपग्रेडसाठी बोली लावा’ असा मेल आलाय. फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, रीतसर पद्धत आहे. रॉयल कॅरिबियनची ‘रॉयलअप’ ही त्यातली एक, इतर मोठ्या कंपन्यांच्याही अशाच आहेत. रिकाम्या राहणाऱ्या वरच्या वर्गातल्या केबिनसाठी तुम्ही रक्कम सांगायची. सरकपट्टी ओढली की शेजारचा काटा ‘कमजोर’कडून ‘मजबूत’कडे सरकतो. तो काटा विकणाऱ्यानेच बसवलेला आहे, एवढं लक्षात असू द्या.

बोली लावण्याआधी हे समजून घ्या. रक्कम माणशी असते आणि दोघांची धरली जाते. एकटे जात असाल तरी दोघांचे लागतात. बोली मंजूर झाली की कार्डातून पैसे थेट कापले जातात, परत मिळत नाहीत. डॉलरमधला व्यवहार असल्याने चलन बदलण्याचं बँकेचं शुल्क वेगळं. मंजूर होईपर्यंत बोली बदलता किंवा मागे घेता येते, पण जहाज निघायच्या अगदी आदल्या दिवसापर्यंत मंजुरी लटकू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, केबिन कुठली हे तुम्ही निवडत नाही. मध्यावरची शांत आतली केबिन तुम्ही विचार करून घेतली होती, ती जाते आणि हातात येते नाइटक्लबच्या डोक्यावरची बाल्कनी. रात्री दोन वाजेपर्यंत ढम-ढम.

माझी रीत अशी: कंपनीच्या साइटवर त्याच तारखेला आजचा फरक बघायचा, त्याच्या अर्ध्याच्या खाली बोली लावायची आणि विसरून जायचं. आधीची केबिन मनाजोगी असेल तर बोलीच लावायची नाही. चौघांचं कुटुंब असेल तर चार माणसं मावणारी केबिन रिकामी असावी लागते, त्यामुळे तिथे आशाच कमी.

ऐनवेळी टर्मिनलवर स्वस्तात किंवा फुकट मिळते म्हणतात?

स्वस्तात कधीकधी मिळते, रिकाम्या केबिन असतील तर. विचारायला पैसे पडत नाहीत, चेक-इनच्या काउंटरवर हसून विचारा. मात्र दिवाळीची सुट्टी, नाताळ, ३१ डिसेंबर आणि लांबलेला शनिवार-रविवार असेल तर विसरा.

फुकट अपग्रेड बहुधा ‘गॅरंटी’ बुकिंगवाल्यांच्या वाट्याला येतं. यात तुम्ही वर्ग ठरवता, केबिनचा नंबर कंपनी नंतर देते. त्याच वर्गात किंवा वरच्या वर्गात, खालच्या नाही. भाडं थोडं कमी पडतं. वय झालेलं कुणी बरोबर असेल किंवा दोन केबिन शेजारी-शेजारी हव्या असतील तर या वाटेला जाऊ नये.

डेक प्लॅनवर नेमकं काय बघायचं?

तुमच्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे. खाली-वर दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. वर पूल डेक असेल तर पहाटे साडेपाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या. खाली थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत तालमी आणि शो. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये नांगराची साखळी सुटते तेव्हा दचकून उठायला होतं, आणि जिथे जहाज धक्क्याला न लागता लांब नांगर टाकून उभं राहतं तिथे हे पहाटेच घडतं. दोन केबिनना जोडणारं आतलं दार असेल तर शेजाऱ्यांचा फोन स्पष्ट ऐकू येतो. लिफ्टच्या तोंडासमोरची नको, पण चार दारं पलीकडची हवी, विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांना.

‘ऑब्स्ट्रक्टेड’ असा बारीक शब्द खिडकीच्या केबिनपुढे दिसला तर समजा की समोर लाइफबोट लटकते आहे. ओळखीच्या एका जोडप्याने सी-व्ह्यू म्हणून जास्तीचे पैसे भरले होते. पडदा सरकवला तर काचभर नारिंगी रंग. एजंटचं म्हणणं, ‘बोटीच्या खालून दिसतो की समुद्र!’ दिसत होता खरा, वीतभर.

त्याच वर्गात, त्याच पैशात, नुसता नंबर बदलून घेतलेली चांगल्या जागची केबिन हे माझ्या लेखी सगळ्यांत चांगलं अपग्रेड.

सिंगापूरहून जाणाऱ्या मोठ्या जहाजांना हेच लागू होतं का?

नाही. तिथे बाल्कनीचा विचार जरूर करा. ‘गेंटिंग ड्रीम’ हे २०१६ सालचं जहाज आहे आणि त्याच्या बहुतांश केबिनना बाल्कनी आहे. वस्तू मुबलक असल्याने आतली आणि बाल्कनी यांच्या दरातलं अंतर कधीकधी अगदी कमी होतं. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत रात्री नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे क्षितिजभर पसरलेले असतात, ते बाल्कनीतून बघायला मजा येते. पण दोन-तीन रात्रींचीच फेरी असेल आणि मुलं दिवसभर वॉटर स्लाइडवर असतील, तर वरचा तासांचा हिशोब इथेही मांडाच.

एक सावधगिरी: रॉयल कॅरिबियनच्या ‘ओएसिस’ वर्गातल्या जहाजांवर काही बाल्कन्या समुद्राकडे नाही, जहाजाच्या आतल्या बागेकडे किंवा बोर्डवॉककडे (आतल्याच फिरायच्या रस्त्याकडे) उघडतात. बाग सुंदर आहे, पण समुद्र हवा असेल तर वर्गाचं नाव पूर्ण वाचा. त्याच कंपनीच्या काही जहाजांवर आतल्या केबिनच्या भिंतीवर मोठा पडदा लावून बाहेरचं दृश्य थेट दाखवतात. लहान मुलांना हे खऱ्या बाल्कनीपेक्षा जास्त आवडतं.

अमेरिकेतला मुलगा अलास्काला नेतोय. तिथे?

तिथे बाल्कनी घ्या आणि दुसरीकडे कुठेतरी काटकसर करा. अलास्काच्या इनसाइड पॅसेजमध्ये जहाज बेटांच्या आणि डोंगरांच्या मधून जातं, उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो आणि बाहेर बघण्यासारखं तासन्‌तास असतं. देवमासा कधी वर येईल सांगता येत नाही. वरच्या डेकवर गार वाऱ्यात आई-बाबा किती वेळ उभे राहतील? बाल्कनीत शाल पांघरून, कपातला चहा घेऊन बसता येतं आणि थंडी वाजली की दोन पावलांत आत. ग्लेशियर बे मध्ये हिमनदीसमोर जहाज हळूहळू गोल फिरवतात, त्यामुळे डावी-उजवी बाजू घेऊन भांडायचं कारण नाही. नॉर्वेच्या फ्योर्डना, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांना, हाच न्याय. नाइल नदीवरच्या जहाजांत बहुतेक सगळ्याच केबिनना नदीकडे खिडकी असते, तिथे मजला तेवढा वरचा मागा.

सुइटचे मानपान खरंच कामाचे असतात?

जहाजावर अवलंबून. मोठ्या जहाजांत सुइटवाल्यांचा वेगळा भागच असतो: गेंटिंगचा ‘पॅलेस’, एमएससीचा ‘यॉट क्लब’, नॉर्वेजियनचा ‘हेवन’. वेगळं रेस्टॉरंट, वेगळा पूल, रांग नाही. तीन-चार हजारांच्या गर्दीत हे फार मोठं सुख आहे, विशेषतः शाळांच्या सुट्टीत. तिथे तुम्ही खोली नव्हे, शांतता विकत घेता.

छोट्या जहाजावर मानपान म्हणजे आधी चढायला मिळणं, फळांची टोपली, कधी वेगळ्या ठिकाणी जेवण. जेवणाची चव सगळीकडे तीच, कारण स्वयंपाकघर तेच. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं हवं असेल तर ते सुइट घेऊन नाही, आधी कळवून मिळतं.

जाता जाता: २०१८ साली मुंबई-गोवा सुरू झालेल्या ‘आंग्रिया’त सुइटपासून डॉर्मिटरीपर्यंत सगळं होतं. त्याआधीच्या कोकण बोटीत तर आपली माणसं भाऊच्या धक्क्यावर चढून डेकवर सतरंजी अंथरायची. समुद्र त्यांनाच सगळ्यांत जास्त दिसला असेल.

बाल्कनीत लहान मुलं सुरक्षित असतात का?

कठडा मोठ्या माणसाच्या छातीच्या खाली येईल एवढा उंच असतो. धोका कठड्याचा नाही, खुर्चीचा. मूल खुर्ची ओढून तिच्यावर चढतं. चार-पाच वर्षांचं चपळ पोर असेल तर खुर्च्या आत घ्या आणि दाराची वरची कडी लावा. ती काळजी दिवसभर करायची नसेल तर खिडकी बरी.

टॉवेल आणि पोहण्याचे कपडे कठड्यावर वाळत घालू नका, वारा नेतो. आणि सिगारेट अजिबात नाही. मार्च २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाला कॅरिबियनमध्ये लागलेली आग एका बाल्कनीत सुरू झाली होती, बहुधा विझवून न टाकलेल्या सिगारेटमुळे. तेव्हापासून नियम कडक झाले आणि आता बहुतेक कंपन्या बाल्कनीत ओढू देत नाहीत.

आजाराची साथ आली, खोलीतच कोंडून ठेवलं तर? खिडकी हवीच ना?

२०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकलं होतं. सुमारे ३,७०० माणसं होती आणि बिनखिडकीच्या केबिनमधल्यांचे हाल सर्वांत जास्त झाले, हे खरं आहे. पण त्या भीतीपोटी दोन रात्रींच्या फेरीला हजारो रुपये जास्त मोजणं मला पटत नाही.

हनिमूनला जातोय.

घ्या. हिशोब करू नका.

व्हीलचेअर आहे. मोठी केबिन म्हणून सुइट घेऊ?

नको. मोठी खोली असली तरी बाथरूमच्या दाराला उंबरा असू शकतो आणि दारातून चेअर जाईलच असं नाही. ‘अ‍ॅक्सेसिबल’ केबिन वेगळ्या असतात, प्रत्येक वर्गात थोड्याच असतात आणि लवकर संपतात. अशी केबिन मिळाली असेल तर बोलीच्या भानगडीत पडू नका, नवी केबिन तशी नसू शकते.

पैसे वाचवले तर ते कुठे घालावेत?

परदेशी सफर असेल तर आदल्या दिवशी पोहोचून हॉटेलात राहण्यावर. विमान चार तास उशिरा सुटलं तर जहाज थांबत नाही, आणि मग आतली काय न् बाल्कनी काय. गोव्याला जात असाल तर मुरगावहून चौघांनी मिळून दिवसभराची गाडी आधीच ठरवा, उतरल्यावर घासाघीस करण्यात वेळ जातो.

ठरलं, घेतोच. एजंटकडून लेखी काय घ्यायचं?

केबिनचा नंबर आणि मजला. ‘बाल्कनी’ म्हणजे समुद्राकडचीच, हे शब्दांत. करासकट एकूण रक्कम, माणशी नव्हे. रद्द केलं तर अपग्रेडचे पैसे मूळ भाड्याच्या नियमाने परत मिळतील की अजिबात नाहीत. सुइट असेल तर त्यातले मानपान यादी करून. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल, पण ‘होऊन जाईल सर’ एवढ्यावर पैसे पाठवू नका.